धनुर्वाताची भीती आणि एक नकाशा

नुसतं घाबरवून माणूस हलत नाही, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या एका प्रयोगात फार छान दिसलं होतं. हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी तो १९६५ साली प्रसिद्ध केला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वातावरच्या पुस्तिका वाचायला दिल्या. काही साध्या, तर काहींत अंगावर काटा आणणारी वर्णनं आणि रुग्णांचे रंगीत फोटो. भडक पुस्तिका वाचणारे जास्त घाबरले, लस घ्यायलाच हवी असंही म्हणाले. पण नुसती पुस्तिका वाचलेल्यांपैकी लस टोचून घेतली ती जेमतेम ३ टक्क्यांनी.

काही पुस्तिकांमध्ये मात्र विद्यापीठाचा नकाशा होता. त्यावर दवाखान्याभोवती गोल केलेला, लसीच्या वेळा दिलेल्या आणि 'तुमचं वेळापत्रक बघा, कधी जमेल ते ठरवा' अशी सूचना. यांच्यापैकी सुमारे २८ टक्के जाऊन टोचून आले. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दवाखाना कुठे आहे हे काय माहीत नसणार? आणि पुस्तिका साधी की भडक, याने इथे फरक पडलाच नाही. अर्थात, भीतीचा मजकूर गाळून नुसत्या सूचना दिल्या तेव्हा त्यांचाही उपयोग झाला नाही.

याचा उलगडा संवादशास्त्राच्या अभ्यासक किम विट यांनी १९९२ साली मांडलेल्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) मिळतो. धोका दिसला की माणूस मनाशी तपासतो, यावर मला काही करता येईल का? येत असेल तर तो धोका टाळायच्या मागे लागतो. नसेल तर भीतीच दडपून टाकतो. मग 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होते' असली उत्तरं तयार होतात.

आपल्याकडे तंबाखूच्या पाकिटावरचा इशारा २०१६ पासून ८५ टक्के जागा व्यापतो. माझ्या मते त्याहून मोलाची भर २०१८ मध्ये पडली. चित्राबरोबर व्यसन सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापणं सक्तीचं झालं. हा त्या पाकिटावरचा नकाशाच.

दिलासा तरी निरुपद्रवी असतो का? 'लाइट' सिगारेट आठवा. फिल्टरला बारीक भोकं पाडल्यामुळे सिगारेट तपासणाऱ्या यंत्राच्या मोजणीत टार, म्हणजे धुरातला घातक चिकट अंश, कमी यायचं. माणसं मात्र जास्त खोल झुरके घ्यायची, बोटांनी भोकं झाकायची. सोडायच्या विचारात असलेल्यांना या शब्दाने बिनघोर ओढत राहायला सबब दिली. अमेरिकेत पाकिटावर तो वापरायला २०१० मध्ये बंदी आली. खोट्या भीतीपेक्षा असला खोटा धीर मला जास्त घातक वाटतो, कारण त्याविरुद्ध कुणी तक्रारही करत नाही.

भीतीच्या बाजारात आता बटणंही आली आहेत. विमान तिकिटाबरोबरचा विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' या पर्यायावर टिचकी मारायला लावायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यात ग्राहकाला असं ओशाळवाणं करण्याचं हेच उदाहरण दिलं आहे.