आखूड पायांचं घुबड

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात झुनी हे प्यूब्लो या मूळनिवासी लोकांचं गाव आहे. तिथलं मातीचं घुबड एकदा जवळून बघावं. दोन ठेंगणे पाय, मागे टेकलेली शेपूट, पांढऱ्या अंगावर पिसांच्या रंगीत खुणा आणि पंखांवर चढून बसलेली इवली पिल्लं. बघताक्षणी हसू फुटतं.

मोठं डोकं, टपोरे डोळे, आखूड हातपाय दिसले की माणसाला तान्ह्या बाळासारखी माया वाटते, असं कोनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं. पण मातीच्या अशा जनावरांच्या गोंडसपणात मातीचाही मोठा वाटा आहे, असं मला वाटतं. ओल्या मातीचे लांब, बारीक पाय अंगाचा भार पेलत नाहीत, वाकतात. शिवाय माती वाळताना आकसते. बारीक पाय आधी सुकतो, जाड पोट ओलंच राहतं आणि जोडावर तडा जातो. म्हणून पाय जाड नि आखूड, कान अंगाला चिकटलेले.

प्यूब्लो परंपरेत चाक नाही, सगळं हातानेच वळायचं. मातीत वाळू, ज्वालामुखीची राख किंवा, अकोमा गावात, जुन्या खापरांची भुकटी मिसळतात. हे कण ओलाव्याला बाहेर पडायला वाट देतात आणि तडा पुढे सरकू देत नाहीत. फुटलेलं मडकं असं नव्या जनावराच्या अंगात जातं, ही गोष्ट मला फार आवडते.

कोचिटी गावातला काळा रंग एका रानवनस्पतीचा. ती आपल्या तिळवणीच्या कुळातली. तिचा पाला उकळून, आटवून दाट रस करतात. सांता क्लारा गावातली काळीभोर, चकचकीत अस्वलं मात्र रंगवलेली नसतात. गुळगुळीत दगडाने घोटून ती उघड्यावर भाजतात आणि ऐन वेळी जाळावर शेणाचा भुगा टाकून तो कोंडतात. आत प्राणवायू उरत नाही, मातीतलं तांबडं लोह-ऑक्साइड काळं होतं, वर काजळीही मुरते. जाळ मोकळा ठेवला असता तर तेच अस्वल तांबडं निघालं असतं.

पोकळ जनावराला बारीकसं भोक हवंच. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. भोक नसेल, माती ओलसर राहिली असेल, तर जनावर जाळातच फुटतं.

कोचिटीच्या हेलन कॉर्डेरो यांची भांडी वाकडी व्हायची. नात्यातल्या एका बाईने सुचवलं, बाहुल्या करून बघ. मग त्यांच्या हातून पक्षी, जनावरं, माणसं घडू लागली. १९६४ मध्ये त्यांनी गोष्टी सांगणारे आपले आजोबा घडवले, डोळे मिटलेले, तोंड उघडं, अंगाखांद्यावर पाच मुलं. पुढे इतरांनी आजोबांच्या जागी अस्वल, बेडूक, घुबड बसवलं. पिल्लं मात्र तशीच अंगभर चढलेली.