बेस गिटारवरील हम करणारे पिकअप बदलणे

इलेक्ट्रिक बेस गिटारच्या तारांखाली बसवलेला, तारेच्या कंपनातून विजेचा संकेत तयार करणारा भाग म्हणजे पिकअप. चुंबकाभोवती सुमारे 0.06 मिमी जाडीच्या इनॅमल केलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढीच त्याची रचना. हीच गुंडाळी आसपासच्या वायरिंगचे आणि ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्रही पकडते, आणि वाजवणे थांबले की स्पीकरमधून अखंड घुमणारा आवाज येत राहतो. वाजवणारे त्याला हम म्हणतात. एका गुंडाळीचा, म्हणजे सिंगल कॉइल पिकअप काढून हम दाबणारा पिकअप बसवणे हा त्यावरचा पक्का इलाज. मात्र आवाज पिकअपचाच आहे याची आधी खात्री करून घ्यावी लागते. विदर्भातल्या खेड्यांत भीमजयंतीचा गीतांचा कार्यक्रम असो की लग्नातला ऑर्केस्ट्रा, वीज खांबावरून ओढलेल्या तात्पुरत्या लाइनीवर किंवा जनरेटरवर मिळते. अशा जागी पिकअपच्या नावाने केलेल्या बऱ्याच तक्रारी अर्थिंगच्या निघतात.

हम इथे जास्त का खटकतो

भारतातली वीज 50 हर्ट्झची आहे. बेसच्या मोकळ्या तारा ई 41.2, ए 55, डी 73.4 आणि जी 98 हर्ट्झवर लागतात. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीला, येणारा जी 49 हर्ट्झचा, म्हणजे हमच्या अगदी शेजारचा. गाणे पांढरी पाचमध्ये, म्हणजे ‘जी’ स्वरात असेल आणि बेसवाल्याने खालचा षड्ज धरून ठेवला, तर सुरात सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. हमची दुप्पट, 100 हर्ट्झ, मोकळ्या जी तारेला जवळजवळ खेटून असते. म्हणूनच मिक्सरच्या इक्वलायझरवर 50 हर्ट्झ कापून प्रश्न सुटत नाही. हमसोबत बेसचा बुंधाच कापला जातो. हम उगमाशीच थांबवावा लागतो.

पिकअपचे प्रकार

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस 1951 मध्ये आला तेव्हा त्यावर सिंगल कॉइलच होता. 1957 मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, दोन तारांना एक तुकडा. दोन्ही तुकड्यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट असल्याने तारांचा आवाज जुळतो आणि हम खोडला जातो. गिब्सन कंपनीत सेठ लव्हर यांनी 1955 मध्ये हंबकर, म्हणजे हम खोडणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप, तयार केला, त्यामागेही हेच तत्त्व आहे. त्यामुळे दोन तुकड्यांचा प्रिसिजन पिकअप हम करत असेल तर पिकअप बदलण्याआधी त्याचा एखादा तुकडा बंद पडला आहे का ते पाहावे.

खरा प्रश्न 1960 पासूनच्या जॅझ बेस धाटणीचा आहे. त्यावर दोन स्वतंत्र सिंगल कॉइल असतात. जोडी नीट उलटसुलट बनवलेली असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवल्यावर हम जातो आणि एक जरी कमी केला तरी परत येतो. स्वस्त बेसमध्ये कधी कधी दोन्ही पिकअप एकाच दिशेचे टाकलेले असतात. मग कोणत्याही जागी हम कायम.

आधी तपासणी

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर ब्रिजची, म्हणजे तारा अडकवलेल्या धातूच्या पट्टीची, अर्थ वायर शाबूत आहे. भणभण वाजवणाऱ्याच्या शरीरावाटे येत होती आणि त्यावर इलाज शील्डिंगचा, म्हणजे गिटारचे खळगे आतून तांब्याच्या पट्टीने मढवण्याचा. हात लावल्यावर आवाज वाढला तर केबल खोचायच्या जॅकच्या दोन वायरी उलट लागलेल्या असण्याचा संभव मोठा. गिटार धरून जागच्या जागी गोल फिरताना हम कमीजास्त होत असेल, तर तो चुंबकीय हम आणि दोष सिंगल कॉइलचा. पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा बदलता रोध, फिरवतानाच खरखर होत असेल तर आत धूळ गेली आहे. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

खेड्यात एक चाचणी शहरापेक्षा सोपी पडते. बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर घेऊन विजेच्या तारांपासून लांब, मोकळ्या वावरात जावे. तिथे बेस शांत वाजला तर गिटारचे वायरिंग ठीक आहे आणि त्रास मंडपातल्या विजेचा आहे. मग पिकअप बदलण्याचा फायदा हमपुरता होईल. डिमरच्या आणि एलईडी दिव्यांच्या चरचरीला शील्डिंग आणि वेगळी लाइन लागते.

केबल गिटारला लावून, व्हॉल्यूम व टोन पूर्ण उघडून, तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर 20 किलोओहमवर लावावा. प्रिसिजन पिकअप साधारण 10 ते 11, जॅझचा एकटा पिकअप 7 ते 8 किलोओहम दाखवतो. दोन्ही जॅझ पिकअप पूर्ण उघडे असतील तर आकडा जवळपास निम्मा येतो. 20 च्या रेंजमध्ये आकडा मावला नाही आणि रेंज वाढवल्यावर दोनशे किलोओहमच्या पुढचा दिसला, म्हणजे मीटर नुसता पॉट मोजतो आहे आणि गुंडाळी तुटली आहे किंवा वायर सुटली आहे.

निवड

जॅझ बेसचे दोन पिकअप सारखे नसतात. मानेकडचा सुमारे 92 मिमी आणि ब्रिजकडचा सुमारे 95 मिमी लांब असतो. काही बेसवर दोन्ही एकाच मापाचे असतात, म्हणून पट्टीने मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. कुरिअरने आलेला पिकअप तीन मिलिमीटरने अडकला तर लाकूड कोरावे लागते. हम दाबणारे दोन प्रकार याच मापात मिळतात: एकावर एक गुंडाळी असलेला स्टॅक, आणि दोन-दोन तारांना वाटलेला स्प्लिट. स्टॅकचा सूर सिंगल कॉइलच्या जवळचा असतो, वरची चमक मात्र थोडी उतरते. नऊ व्होल्टची बॅटरी लागणारे अॅक्टिव्ह पिकअप शांत असतात, पण त्यांना 250 ऐवजी 25 किलोओहमचे पॉट आणि स्टिरिओ जॅक लागतो. रात्री दोन वाजता बॅटरी उतरली तर गावात दुकान उघडे नसते. फिरत्या कार्यक्रमांना बॅटरी न लागणारा पॅसिव्हच बरा.

एकच पिकअप बदलायचा आणि तोही साधा सिंगल कॉइल असेल, तर जुना-नवा समोरासमोर धरून पाहावेत. तोंडे एकमेकांना ओढत असतील तर चुंबक उलट आहेत आणि हम खोडणारी जोडी जमू शकते. ढकलत असतील तर हम आणि सूर यांपैकी एकच साधेल.

बदलण्याचे काम

सामान थोडकेच: 60/40 चे रोझिनवाले 0.8 मिमी सोल्डर, 35 ते 40 वॅटची सोल्डरिंगची इस्त्री, योग्य मापाचा पेचकस, श्रिंक स्लीव्ह, तांब्याची चिकटपट्टी. गावात इस्त्रीच्या वॅटकडे विशेष लक्ष द्यावे. शेतीपंप सुरू असताना व्होल्टेज 180 वर उतरले, तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटत असल्याने 25 वॅटची इस्त्री जेमतेम 15 वॅटची उरते. मग पॉटच्या पाठीवर सोल्डर वितळते खरे, पण पसरत नाही. राखाडी, दाणेदार गोळी बसते आणि दोन कार्यक्रमांनंतर सुटते. हेच कोल्ड सोल्डर. पॉटची पाठ पॉलिश पेपरने खरवडावी आणि व्होल्टेज भरून असताना दोन-तीन सेकंदांत टाका संपवावा. तिथेच दहा सेकंद रेंगाळले तर आतली कार्बनची पट्टी जळते आणि पॉट टाकून द्यावा लागतो.

जुन्या जोडण्यांचा फोटो काढून तारा उतरवाव्यात. पिकअपचे स्क्रू सुटताच खालचा फोम बहुधा भुगा होऊन हाती येतो. नवा फोम कापून ठेवावा, नाहीतर पिकअप डुगडुगतो आणि स्क्रूने उंची लागत नाही. सर्वांत नाजूक भाग वायरीचा मार्ग. पिकअपच्या खळग्यातून पॉटच्या खळग्यात जाणारे भोक अरुंद आणि तिरके असते. जुनी वायर नुसतीच ओढून काढू नये. तिच्या पॉटकडच्या टोकाला मजबूत दोरा बांधून ती पिकअपकडे ओढली की दोरा भोकात राहतो आणि त्याच दोऱ्याने नवी वायर परत ओढता येते.

खळगे उघडे असतानाच तांब्याची पट्टी लावून घ्यावी. तिचे तुकडे एकमेकांना आणि अर्थला जोडलेले आहेत हे मीटरने तपासावे, आकडा एक ओहमच्या आत हवा. शील्डिंग चरचर थांबवते, 50 हर्ट्झचा चुंबकीय हम मात्र पट्टीतून आरपार जातो, म्हणून ती पिकअपची जागा घेऊ शकत नाही. गरम टोकाची, म्हणजे सिग्नलची वायर पट्टीला टेकली की गिटार मुकी होते. जॅकचे टोक आत वळले तरी तेच होते, तिथे स्लीव्ह किंवा टेप हवीच.

पांढरी वायर सहसा सिग्नलची आणि काळी अर्थची असते. चार वायरी असतील तर पिकअपसोबतचा नकाशाच खरा मानावा, रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. सिग्नल व्हॉल्यूम पॉटच्या जुन्याच कानावर, म्हणजे सोल्डर करायच्या टोकावर, जातो. टोनचा कपॅसिटर 0.047 मायक्रोफॅरडचा असतो, त्यावर 473 छापलेले असते. तो चांगला असेल तर बदलण्याचे कारण नाही. तारा चढवण्याआधी केबल लावून, आवाज कमी ठेवून, पेचकसाने दोन्ही पिकअपच्या चुंबकाच्या खुंट्यांवर हळूच टकटक करावी. तारा चढल्यावर दोन्ही पिकअप एकत्र उघडून जाड सूर पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर फेज उलट आहे. नव्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. काळी वायर कव्हरला जोडलेली असेल तर आधी ती जोडणी वेगळी काढून अर्थला न्यावी.

उंची शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजतात. जाड तारेखाली सुमारे 3 मिमी, बारीक तारेखाली सुमारे अडीच मिमी अंतर ठेवावे. पिकअप फार वर आणला की चुंबक जाड तार ओढतो, सूर लवकर मरतो आणि वरच्या फ्रेटवर बेसूर कंप येतो.

मंडपातली वीज

काळी माती एप्रिल-मे महिन्यांत भेगाळते आणि अर्थच्या सळईला धरून राहत नाही. अर्थिंगचा रोध वाढतो. सळईभोवती पाणी घालून माती ओली ठेवल्याने तो उतरतो. हम जावा म्हणून अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कापणे जिवावर बेतू शकते. गिटारच्या तारा वाजवणाऱ्याला थेट अर्थशी जोडतात. समोरच्या माइकच्या जाळीवर दुसऱ्या लाइनीचा करंट असेल तर धक्का ओठांतून हातापर्यंत जातो. अँप्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचमागे, घ्यावेत. गाणे सुरू करण्याआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरे गिटारच्या तारेला लावावे. दोन-चार व्होल्टच्या वर आकडा आला तर दोष सापडेपर्यंत माइकजवळ जाऊ नये.