आलेख (शाळेतलं गणित, सहावी ते आठवी)

आलेख म्हणजे गोळा केलेली आकडेवारी चित्रात मांडायची पद्धत. बोलताना सगळे ग्राफच म्हणतात, वहीत शीर्षक लिहायची वेळ आली की तेवढा आलेख आठवतो. राज्य मंडळाच्या आत्तापर्यंतच्या पुस्तकांत सहावीला साधा स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख (दोन गटांचे खांब शेजारी शेजारी), आठवीला विभाजित (एकाच खांबाचे आत वाटे पाडलेला) आणि शतमान (तेच वाटे टक्क्यांत) स्तंभालेख असा क्रम आहे, चित्रालेख त्याआधी प्राथमिकलाच होऊन गेलेला असतो आणि आयतालेख नि वृत्तालेख रीतसर दहावीत येतात. खरं सांगायचं तर नावं पाठ करणं पोरांना जड जात नाही, पट्टीने खांब काढणं तर आवडतंच. अडतं ते कुठे कुठला आलेख काढायचा इथे. आणि ते आकड्यांकडे बघून कळत नाही, आपल्याला विचारायचंय काय ते आधी ठरवावं लागतं.

हे आलेख फार जुने नाहीत. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे रेषांनी दाखवले, वर्षं आडवी आणि पैसे उभे. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, १७ देशांशी झालेल्या आयात-निर्यातीचे, आणि एका वर्षाची रेषा काढणार कशी? म्हणून त्याने प्रत्येक देशाला पट्ट्या दिल्या आणि तोच आज पहिला स्तंभालेख धरला जातो. म्हणजे आपण सहावीत जे पहिलं शिकतो ते त्याने आकडे कमी पडले म्हणून नाइलाजाने केलं होतं. वृत्तालेखही (वर्तुळाच्या फोडींचा आलेख) त्याचाच, १८०१ चा. रेषा आणि खांब यांतला फरक या गोष्टीतच आहे: वेळ सरकत असेल तर रेषा, सुट्या सुट्या गोष्टींची तुलना असेल तर खांब.

आता उदाहरण घेऊ. समजा ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गात ४० मुलं आहेत आणि प्रत्येकाला विचारलं, शाळेत कसा येतोस. एकेक मूल सांगतंय तशी फळ्यावर ताळ्याच्या खुणा करत जायच्या, चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी, म्हणजे शेवटी पाचाच्या जुड्या पटकन मोजता येतात. आकडे असे निघाले: पायी १४, स्कूलबस १०, रिक्षा ८, टीएमटी (ठाणे पालिकेची बस) ५, सायकल ३. ही झाली वारंवारता सारणी. कशाने जास्त मुलं येतात एवढाच प्रश्न असेल तर स्तंभालेख पुरे. पाच खांब, सगळ्यांची रुंदी सारखी, मधली अंतरं सारखी, आणि खांबांची टोकं रेषेने जोडायची नाहीत. हे मुद्दाम लिहितोय कारण जोडणारे असतात, आणि मग त्यांना विचारावं लागतं की बाबा रिक्षा आणि टीएमटीच्या मधोमध काय आहे, अर्धी रिक्षा?

एकूण वर्गात प्रत्येकाचा वाटा किती हे दाखवायचं असेल तर वृत्तालेख, म्हणजे पाय चार्ट. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, मुलं ४०, म्हणजे एका मुलाला ९ अंश. पायी १२६, स्कूलबस ९०, रिक्षा ७२, टीएमटी ४५, सायकल २७. बेरीज ३६० आली पाहिजे, नाही आली तर डी हातात घ्यायचाच नाही, आधी चूक शोधायची. (कोनमापक हा शब्द पेपरात लिहा, कंपासपेटीत तो डीच असतो.) वृत्तालेखाची एक अट लोक विसरतात, प्रत्येक मूल एकाच वाट्यात पाहिजे. कोणी म्हणालं की मी जाताना टीएमटीने आणि येताना चालत, आणि त्याला दोन्हीकडे मोजलं, तर ४० मुलांचे ४१ झाले आणि वाटा कशातला हेच कळेनासं होतं. तसंच वाटे दहा-बारा असले तर वृत्तालेख काढू नये, ७ अंशांची आणि ९ अंशांची फोड डोळ्याला सारखीच दिसते, खांबात तो फरक लगेच कळतो.

शतमान स्तंभालेख पोरांना उगाच दिलेलं काम वाटतं, पण माझ्या मते आठवीतला सगळ्यात कामाचा आलेख तोच. वरच्याच प्रश्नाला नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या एका वर्गात, समजा ६० मुलांच्या, स्कूलबसवाले १२ निघाले. १२ हे १० पेक्षा जास्त, म्हणून साध्या जोडस्तंभालेखात कोपरखैरण्याचा खांब उंच. पण ४० पैकी १० म्हणजे २५ टक्के आणि ६० पैकी १२ म्हणजे २० टक्के, म्हणजे वर्गाच्या मानाने स्कूलबस नौपाड्यात जास्त. शतमान आलेखात दोन्ही खांब १०० पर्यंत सारख्याच उंचीचे आणि आतले पट्टे बोलतात. दोन गट लहानमोठे असले की टक्केवारीवर यायलाच लागतं, नाहीतर मोठा गट नेहमी जिंकणार.

जोडस्तंभालेखाला ठाणे-नवी मुंबईइतकं चांगलं उदाहरण नाही. दोन्ही महापालिकांची जनगणनेतली लोकसंख्या ढोबळ घेतली तर ठाणे १९९१ ला ८ लाख, २००१ ला १२.६ लाख, २०११ ला १८.४ लाख, आणि नवी मुंबई अनुक्रमे ३, ७ आणि ११.२ लाख. वाय-अक्षावर १ सेमी = २ लाख असं प्रमाण घेतलं की ठाण्याचे खांब ४, ६.३ आणि ९.२ सेमी, नवी मुंबईचे १.५, ३.५ आणि ५.६ सेमी. दर वर्षाला दोन खांब एकमेकांना चिकटून, दोन वेगळे रंग, कोपऱ्यात रंगांची सूची. खांब बघून वाटतं ठाणं पुढे निघून गेलं, आणि लोकांच्या संख्येत ते गेलंयच, पण पट बघितली तर ८ चे १८.४ म्हणजे सव्वादोन पटीहून थोडं जास्त, आणि ३ चे ११.२ म्हणजे पावणेचार पटीच्या जवळ. एकाच आलेखातून दोन वेगळी उत्तरं निघतात, आणि पेपरात निष्कर्ष लिहा म्हणतात तेव्हा पोरं फक्त पहिलं लिहून मोकळी होतात. यात २०२१ चा खांब नाही कारण कोविडमुळे ती जनगणना झालीच नाही. ती जागा रिकामी सोडायची, शून्य दाखवायचं नाही. माहिती नाही आणि शून्य आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मोठी माणसंसुद्धा इथे घसरतात.

हीच लोकसंख्या रेषालेखातही चालते कारण १९९१ आणि २००१ च्या मधे खरंच १९९६ होतं आणि तेव्हाही माणसं राहतच होती. रेषेचा मधला भाग अंदाज असतो एवढं लक्षात ठेवायचं, मोजलेले फक्त ठिपके.

प्रमाण निवडणं हा सगळ्यात कटकटीचा भाग. पावसाचा आलेख काढून बघा. जुलैमध्ये रोजचा पाऊस लिहायचा, १ सेमी = १० मिमी घेतलं की एरवीचे दिवस छान बसतात. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, तो दिवस या प्रमाणात दाखवायचा म्हणजे ९४ सेमीचा खांब, ग्राफ पेपर सोडून बाकावरून खाली लोंबणार. प्रमाण १ सेमी = ५० मिमी केलं तर तो १९ सेमीत बसतो, मात्र ५ मिमी पावसाचा दिवस एक बारीक घर उरतो. दोन्ही बरोबर, कुठला दिवस दाखवायचाय त्यावर आहे. म्हणून आधी सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा बघायचा, मग कागदाची उंची बघायची, आणि नंतरच पेन्सिल. ठरलेलं प्रमाण उजवीकडे वर लिहायचं, ते विसरलं की मार्क जातात आणि जायलाच पाहिजेत, त्याच्याशिवाय खांब वाचता येत नाही.

चित्रालेखात खांबाऐवजी चित्रं. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची मोजणी दाखवायची असेल तर १ पक्षी = १००० पक्षी. ५०० ला अर्धा पक्षी, २५० ला नुसते पाय की नुसती मान यावर वर्गात भांडण ठरलेलं. संख्या दुप्पट झाली म्हणून कोणी तोच पक्षी दुप्पट मोठा काढला तर ते चुकलं, कारण उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट झाल्या की जागा चौपट व्यापते आणि डोळा चौपटच मोजतो. दोन पक्षी काढायचे, तेवढ्याच आकाराचे.

आयतालेख दिसायला स्तंभालेखासारखा पण खांब चिकटलेले, कारण आडव्या अक्षावर सुट्या गोष्टी नसून सलग मोजमाप असतं, जसं शाळेत पोचायला लागणारी मिनिटं, ०–१०, १०–२०, २०–३०. बरोबर २० मिनिटं लागणारा मुलगा २०–३० मध्ये धरायचा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरून, म्हणजे ट्रॅफिकमधून, येणारी मुलं वर्गात असली की आलेखाची उजवीकडची शेपटी लांबते.

शेवटी वाय-अक्ष कुठून सुरू होतो ते. खांबांच्या आलेखात तो शून्यापासूनच हवा. कोचिंग क्लासचे फ्लेक्स बघा, गेल्या वर्षीचा निकाल ९२ टक्के, यंदाचा ९५, आणि अक्ष ९० पासून सुरू, म्हणजे खांब २ आणि ५ चे, यंदाचा अडीच पट उंच! आकडे खोटे नाहीत, चित्र खोटं आहे. रेषालेखात खालचा भाग गाळता येतो, पण तसं करताना अक्षावर नागमोडी खूण काढतात म्हणजे वाचणाऱ्याला कळतं. कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये आलेख काढला तर अक्ष कुठून सुरू करायचा ते सॉफ्टवेअर स्वतःच ठरवतं आणि आकडे जवळजवळचे असले की शून्य सोडून देऊ शकतं, म्हणून प्रोजेक्टची प्रिंट काढण्याआधी डावीकडचा सगळ्यात खालचा आकडा एकदा बघून घ्यायचा.