पड जमिनीचा सरकारी खंड

शेत न पिकवण्यासाठी सरकार दरवर्षी पैसे मोजतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला पटकन खरं वाटणार नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या आग्नेय टोकाला असलेल्या बाका काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मात्र ही जुनी गोष्ट आहे. मालकाने 10 ते 15 वर्षं नांगर न लावण्याचा करार करायचा, जमिनीवर गवत राखायचं, आणि केंद्र सरकारने एकरी खंड द्यायचा. दर ठरतो तो त्या भागात कोरडवाहू जमिनीला काय खंड मिळतो त्यावरून.

याची सुरुवात धुळीतून झाली. वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा माळ. ग्रामा आणि बफेलो गवताच्या मुळांनी इथली माती धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गहू महागला, पुढे ट्रॅक्टर आले, आणि माळ नांगरटीखाली गेला. 1930 नंतर भाव पडले, पाऊसही गेला, उघडी माती उडू लागली. बायका खिडक्यांना ओल्या चादरी लावत, आणि वाढायची वेळ होईपर्यंत ताटं पालथी ठेवत. 14 एप्रिल 1935 च्या रविवारी तर भरदिवसा काळोख झाला. 27 एप्रिलला मृदसंधारणाचा कायदा आला, आणि पुढच्याच वर्षी माती राखणारी पिकं घेणाऱ्यांना पैसे मिळू लागले. बाकात सरकारने बुडालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी विकतही घेतल्या. आजचं कोमांची नॅशनल ग्रासलँड त्यातूनच उभं राहिलं.

1950 च्या दशकात पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा धूळ उठली. 1956 साली जमीन पड ठेवण्याचे पैसे देणारी ‘सॉइल बँक’ ही सरकारी योजना आली. तिच्यात अख्खं शेत पड टाकता येई. कुटुंबं खंड घेऊन शहरात गेली आणि गावातल्या बियाणं-खतवाल्यांचा, यंत्रं विकणाऱ्यांचा धंदा बसला. माती वाचली, गाव मात्र रिकामं झालं. हा धडा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

1972 मध्ये सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य उचललं. कृषिमंत्री अर्ल बट्झ बांधापासून बांधापर्यंत पेरा म्हणू लागले, आणि राखलेलं गवतही मोडलं गेलं. मग भाव घसरले, कर्जं अंगावर आली. 1977 साली बाकातल्याच कँपो गावी शेतकरी आंदोलन उभं राहिलं. 1979 मध्ये ट्रॅक्टर थेट वॉशिंग्टनला गेले. जानेवारी 1983 मध्ये बाकाचं मुख्य गाव असलेल्या स्प्रिंगफील्डच्या कोर्टासमोर शेताचा जप्तीचा लिलाव अडवणाऱ्यांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

23 डिसेंबर 1985 रोजी राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी ज्या शेती कायद्यावर सही केली, त्यातून आजची खंडयोजना आली. सॉइल बँकेची ठेच लक्षात ठेवून एका काउंटीतली साधारण 25 टक्क्यांहून जास्त पिकाऊ जमीन योजनेत घ्यायची नाही, असं बंधन घातलं गेलं. तरी एक खोट राहिली. खंडाचा पैसा मुख्यतः मालकाच्या हाती जातो. तो परगावी राहत असेल तर पैसाही गावाबाहेर जातो.

2007 मध्ये देशभरात 3.68 कोटी एकर जमीन योजनेत होती. पुढे इथेनॉलमुळे मका महागला, करार संपलेल्या जमिनी पुन्हा नांगरल्या गेल्या. 2014 च्या कायद्याने योजनेची देशभरातली मर्यादा 2.4 कोटी एकरांवर आणली, 2018 च्या कायद्याने ती 2.7 कोटींपर्यंत नेली.

बाकात आज दोन्ही गवतं आहेत, सरकारने विकत घेतलेल्या जमिनीवरचं आणि खंडाच्या जमिनीवरचं. दुसऱ्याची मुदत करारात लिहिलेली असते.