सायनसचा कर्करोग : व्यावसायिक व वैद्यकीय धोकाघटक

नासिकागुहा आणि तिच्याभोवतीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या (नासाकोटरे, सायनस) यांच्या अस्तरात उद्‌भवणारा हा कर्करोग विरळ आहे. बहुतेक देशांत त्याचे वार्षिक प्रमाण लाखामागे एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. पुरुषांत तो स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळतो. मात्र कामाच्या जागेशी इतके ठळक नाते असलेले कर्करोग मोजकेच आहेत.

लाकडाची धूळ हे त्याचे सर्वांत अभ्यासलेले कारण. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या गावी एथमॉइड कोटराच्या (दोन डोळ्यांमधील सायनसच्या) ग्रंथिकर्करोगाचे (ग्रंथीसारख्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाचे) रुग्ण बहुधा लाकूडकाम करणारेच असतात, हे १९६० च्या दशकात शल्यविशारद एझ्मी हॅडफील्ड यांच्या ध्यानात आले. डोनल्ड अ‍ॅचिसन या साथरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने झालेल्या पाहण्यांत त्याला पुष्टी मिळाली. ब्रिटनने १९६९ मध्ये तो व्यावसायिक रोग मानला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला निश्चित कर्करोगकारक ठरवले. धुळीतला नेमका दोषी घटक कोणता, यावर मतभेद आहेत. टॅनिन (लाकडातील तुरट द्रव्य), बुरशी, डिंक व पॉलिशमधील रसायने यांवर वेगवेगळ्या अभ्यासकांनी बोट ठेवले. परंतु धोका धुळीत वावरणाऱ्या कामगारांत एकवटलेला दिसतो आणि कृत्रिम डिंक रूढ होण्यापूर्वी कामाला लागलेल्यांतही तो आढळतो. त्यामुळे ओक, बीच यांसारख्या कठीण लाकडाची धूळच मुख्य कारण मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या संपर्कापासून रोग दिसेपर्यंत बहुधा चाळीसएक वर्षे जातात. म्हणून रुग्णाला आजचा नव्हे, तरुणपणीचा व्यवसाय विचारावा लागतो.

इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टनशरच्या पादत्राण कामगारांत चामड्याच्या धुळीमुळे असाच ग्रंथिकर्करोग आढळला. वेल्समधील क्लिडॅक येथील निकेल शुद्धीकरण कारखान्यात मात्र शल्की (अस्तरातील चपट्या) पेशींचा कर्करोग अधिक होता. सुरुवातीला संशय निकेल कार्बोनिल वायूवर होता; पुढे निकेलच्या सल्फाइड व ऑक्साइडयुक्त धुळीकडे कल वळला. फॉर्माल्डिहाइड या रसायनामुळे सायनसचा कर्करोग होतो, याचा पुरावा मात्र अपुरा आहे.

वैद्यकीय घटकांत धूम्रपान, पूर्वीचे किरणोपचार (विशेषतः आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाच्या रुग्णांत) आणि काही अर्बुदांत आढळणारा मानवी पॅपिलोमा विषाणू येतात. एके काळी क्ष-किरण चित्रणासाठी मॅक्सिलरी (गालाच्या हाडातील) कोटरात भरलेले किरणोत्सारी थोरोट्रास्टही कर्करोगास कारण झाले. उलट्या पॅपिलोमाचे (नाकाच्या अस्तरातून आत वाढणाऱ्या सौम्य गाठीचे) कर्करोगात रूपांतर सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत होते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ तपासणी चालू ठेवतात.