पुढारी आणि पुढाकार

जुन्या मोडी कागदांत गावच्या पाटलाला 'मोकदम' म्हटलेलं असतं. शब्द मूळचा अरबी, अर्थ 'पुढं ठेवलेला'. हाच शब्द घासून 'मुकादम' झाला आणि आज बीड, धारूर, पाटोद्याकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांच्या पुढं उभा आहे. उचल त्याच्या हातून, हिशेब त्याच्या वहीत. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' आणि असे दहा-वीस कोयते त्याच्या शब्दावर. वतनं गेली, निजाम गेला, पण पुढं कुणीतरी 'ठेवलेला' पाहिजेच, ही सवय राहिली. हाताखालच्या माणसानंही कामात पुढाकार घ्यावा, हे आपल्याकडं अजून थोडं आगाऊपणाचं वाटतं. त्याची मुळं इथं आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्याला देशमुख-देशपांडे, कुठं जहागीरदार, जिल्ह्याला तालुकदार. हुकूम वरून खाली यायचा, सारा खालून वर जायचा. सूचना नावाची गोष्ट या रस्त्यानं कुठल्याच दिशेला जात नव्हती. जहागिऱ्या १९४९ मध्ये मोडल्या, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. पाटलाच्या ओट्यावरची बैठक चेअरमनच्या, सभापतींच्या दारात गेली. 'पुढारी' या शब्दाला पांढऱ्या कपड्यांचा आणि गाडीच्या धुरळ्याचा जो वास चिकटला, तो याच काळातला. 'पुढाकार' हा त्याच घरातला शब्द. त्याला मात्र ना खुर्ची लागते, ना गाडी.

तसा पुढाकार इथं नवा नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. संत जमलेले, आणि कुणाचं मडकं कच्चं, कुणाचं पक्कं हे ठरवायचं काम एका कुंभाराकडं. त्यानं हातातलं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत गेला. नरसीचे नामदेव कच्चे ठरले, चिडले, आणि पुढं औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. कथा भक्तीची आहे, मान्य. पण त्या मंडळीत गोरोबांचा अधिकार आला तो रोजच्या कामातून. भाजलेल्या मडक्याचा आवाज त्यांच्या हाताला कळत होता. कुणी त्यांना 'तुला काय कळतं' म्हटलं नाही. शेतातली सावड आणि इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून राबणं, हीसुद्धा याच वाणाची. तिथं मुकादम नसतो. ज्याला तिफण नीट धरता येते त्याचं सगळे ऐकतात, मग वय-मान काही का असेना.

कामाच्या ठिकाणचं नेतृत्व हा अभ्यासाचा विषय झाला तो मात्र फार दूर. अमेरिकेत मेरी पार्कर फॉलेट या बाईंनी १९२० च्या दशकात मांडलं, की हुकूम माणसाचा नसावा, परिस्थितीचा असावा. समोरचं काम काय मागतंय हे दोघांनी मिळून बघावं. त्या काळी ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग २७ मार्च १९७७ ला तेनेरीफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण एक गोष्ट जगाच्या मनातून गेली नाही: उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं 'ते दुसरं विमान पट्टीवरून हटलं का?' अशी शंका काढली होती. कॅप्टन ठामपणे 'हो' म्हणाला आणि विषय मिटला. पुढं वैमानिकांच्या प्रशिक्षणात दोन धडे आले. धाकट्यानं शंका दुसऱ्यांदाही बोलून दाखवायची, थोरल्यानं ती ऐकायची. मला विचाराल तर यातला दुसरा धडा जास्त अवघड.

कारखान्यात ही वाट जपानमार्गे आली. १९६२ मध्ये गुणवत्तेचे अभ्यासक काओरू इशिकावांच्या प्रेरणेनं तिथं क्वालिटी सर्कल सुरू झाली, म्हणजे मशीनवरचे कामगारच गट करून आपल्या कामातल्या अडचणी सोडवणार. भारतात ती १९८० च्या सुमारास रुजली ती भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात. ज्या शहराकडून आपल्याला पिढ्यान् पिढ्या फर्मानं येत होती, तिथूनच हे यावं याची गंमत वाटते. १९८५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, भोवती पुरवठादारांची शेकडो शेडं उभी राहिली, आणि कायझेन (रोजच्या कामात थोडी थोडी सुधारणा), सूचनापेटी हे शब्द पैठण-गंगापूरकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या तोंडी बसले.

पेट्या अर्थात बऱ्याच ठिकाणी कुलूपबंदच राहिल्या. वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, मी नोकरीला होतो. तिथं कंत्राटी हेल्पर असलेला एक पोरगा शिफ्ट सुटताना पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करनं काहीतरी लिहून मशीनला अडकवून जायचा. एकदा सुपरवायझरनं हटकलं, "काय लिहायलास रे?" तो म्हणाला, "काई नाई सायब, डायला बर यायलाय. सेकंडवाल्यानं पैले पाच पीस बघून घ्यावं म्हणून." म्हणजे साच्यामुळं भागाच्या कडेला धारदार खरखर येतेय, पुढच्या शिफ्टच्या माणसानं सुरुवातीचे पाच नग तपासावेत. महिनाभरात आजूबाजूच्या मशीनींनाही पुठ्ठे लटकले. वर्षानं त्याचाच छापील फॉरमॅट निघाला, खाली सहीची जागा सुपरवायझरची. पोरगा तोवर कंत्राट संपून गेला होता.

मराठवाड्यातलं याहून मोठं उदाहरण कारखान्याबाहेरचं आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, जड ओझं झोपलेल्यांवर आलं. ५२ गावं नव्या जागी हलवावी लागली. बाकीच्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकानं स्वतः करून घ्यायचं होतं. इंजिनिअर थोडे, कागद फार. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. पद म्हणावं तर नावातच 'सहायक'. माळवदावरची माती कमी का करायची, भिंतीत आरपार जोडदगड कशाला घालायचा, अनुदानाचा हप्ता कुठं अडकलाय, हे त्या घरोघर सांगत फिरल्या. आदल्या वर्षापर्यंत ग्रामसभेत मागं, पदर सावरून बसणाऱ्या बायका या.

भूकंपानंतर सव्वासात वर्षांनी, २६ जानेवारी २००१ ला, कच्छ हादरलं. लातूर-उस्मानाबादच्या यातल्या काही बायका तिकडं गेल्या, तिथल्या पडक्या घरांतल्या बायकांशी बोलायला.