बॅकअप घेताना झाडलोट का होते? फायरबर्डमधल्या जुन्या रेकॉर्डांची पार्श्वभूमी

फायरबर्ड हा डेटाबेस सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सवय मुरलेली आहे. डेटाबेस जड झाला की जीबॅक या त्याच्या साधनाने बॅकअप घ्यायचा, तो रिस्टोअर करायचा, म्हणजे त्यातून डेटाबेस पुन्हा उभा करायचा, आणि कामाला लागायचे. बहुतेक वेळा गुण येतो, म्हणून नेमके कशाने बरे वाटले याच्या खोलात कोणी जात नाही. पण त्याचे उत्तर माहीत नसेल तर रोज रात्री बॅकअप होऊनही दुपारी सर्व्हर का रखडतो, हे कळत नाही. उत्तरासाठी 1980च्या दशकात जावे लागते.

एकाच नोंदीच्या अनेक आवृत्त्या ठेवायच्या, म्हणजे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी खोळंबावे लागत नाही, ही कल्पना डेव्हिड रीड यांनी 1978 मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात मांडली होती. जिम स्टार्की यांनी ती डीईसी या संगणक कंपनीत आरडीबी/ईएलएन या डेटाबेसवर काम करताना प्रत्यक्षात उतरवली. 1984 मध्ये तिथून बाहेर पडून त्यांनी ग्रोटन डेटाबेस सिस्टिम्स काढली. जीबॅक, जीफिक्स (देखभाल व दुरुस्ती), जीस्टॅट (आकडेवारी) या साधनांच्या नावांतला ‘जी’ आणि फाइलच्या नावामागचे ‘जीडीबी’ हे त्या ग्रोटनचेच उरलेले ठसे. (पुढे विंडोज एक्सपीची सिस्टिम रिस्टोअर सुविधा ‘जीडीबी’ फाइल दिसली की तिची प्रत काढू लागली आणि पहिल्या कनेक्शनलाच डेटाबेस अडकू लागला. म्हणून फायरबर्डवाल्यांनी ‘एफडीबी’ची सवय लावून घेतली.) ग्रोटनचे उत्पादन इंटरबेस या नावाने ॲश्टन-टेटकडे आणि 1991 मध्ये बोर्लंडकडे गेले. बोर्लंडने जुलै 2000 मध्ये इंटरबेस 6चा सोर्स कोड खुला केला. त्यातून निघालेल्या फायरबर्डची 1.0 मार्च 2002 मध्ये आली.

मूळ रचना अशी. रेकॉर्ड बदलला की नवी आवृत्ती जुन्याच जागी बसते. आधीच्या आवृत्तीतला फक्त फरक, जमल्यास फाइलच्या त्याच पानावर (ठरावीक आकाराच्या तुकड्यावर), मागे साखळीने जोडून ठेवला जातो. डिलीट केले तरी रेकॉर्ड लगेच जात नाही, ‘हा गेला’ एवढी खूण राहते. प्रत्येक आवृत्तीवर ती लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा (एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटाचा) क्रमांक असतो आणि त्या ट्रान्झॅक्शनची स्थिती वेगळ्या पानांवर प्रत्येकी दोन बिटांत नोंदलेली असते. जुनी मूल्ये ठेवायला वेगळी अन्डू फाइल नाही, रोलबॅक सेगमेंट नाही. त्यामुळे सर्व्हर कोसळला तरी तो क्षणात उभा राहतो. त्याची किंमत म्हणजे कचरा डेटाच्या शेजारीच साचतो.

तो उचलायचा कोणी? ग्रोटनने ठरवले, ज्याच्या पायाखाली येईल त्याने. कोणतीही क्वेरी रेकॉर्ड वाचताना मागची साखळी पाहते आणि कोणालाच लागणार नाहीत अशा आवृत्त्या तिथल्या तिथे काढून टाकते. म्हणून लाखभर ओळी डिलीट करणारा मोकळा होतो आणि सकाळी त्याच टेबलवर साधा अहवाल काढणारा ताटकळतो. मोठ्या डिलीटनंतर कमिट (बदल पक्का) करून, नव्या ट्रान्झॅक्शनमधून आपणच त्या टेबलची मोजणी करणारी सिलेक्ट क्वेरी रात्री चालवावी, हा जुना तोडगा यातूनच आला. फायरबर्ड 2.0च्या आधी एकाच मूल्याच्या हजारो नोंदी असलेल्या इंडेक्सवर (शोध जलद करणाऱ्या सूचीवर) ही सफाई फारच रेंगाळे. 2.0ने, नोव्हेंबर 2006 मध्ये, इंडेक्सची रचनाच बदलली. पार्श्वभूमीत चालणारी सफाई, वाचकाकडून होणारी सफाई की दोन्ही, हे ठरवणारी जीसीपॉलिसी ही सेटिंगही त्याच काळातली.

आता जीबॅककडे. तो काही फाइलची नक्कल करत नाही. साध्या क्लायंटसारखा जोडला जातो, स्नॅपशॉट ट्रान्झॅक्शन (सुरुवातीच्या क्षणी होता तसाच डेटा पाहणारे) उघडतो आणि प्रत्येक टेबलची प्रत्येक ओळ वाचतो. सगळे वाचतो म्हणून सगळे झाडतो. सफाई हे त्याचे उद्दिष्ट नव्हे, वाचण्याचा तो आनुषंगिक परिणाम आहे. मात्र बॅकअप चार तास चालला तर त्याचा स्नॅपशॉट चार तास उघडा राहतो आणि तेवढ्या वेळात झालेल्या बदलांचा कचरा तो संपेपर्यंत अडतो. बॅकअप फाइलमध्ये कमिट झालेली चालू आवृत्तीच जाते, म्हणून रिस्टोअर करण्यासाठीच बॅकअप घेत असाल तर ‘-जी’ पर्याय देऊन सफाई टाळावी. वेळ वाचतो आणि गमावण्यासारखे काही नसते.

रोलबॅकचा, म्हणजे रद्द झालेल्या बदलांचा, कचरा वेगळा. लहान रोलबॅक इंजिन आपले आपण पुसते. मोठा असेल किंवा कनेक्शन मध्येच तुटले, तर ट्रान्झॅक्शन ‘रोलबॅक’ म्हणून नोंदले जाते आणि ओआयटी, म्हणजे कमिट न झालेल्या सर्वांत जुन्या ट्रान्झॅक्शनचा आकडा, तिथेच रुततो. तो पुढे सरकवण्याचे काम जीबॅक करत नाही, त्यासाठी स्वीप ही पूर्ण डेटाबेसची वेगळी सफाई आहे. ओआयटी आणि सर्वांत जुना स्नॅपशॉट यांतले अंतर 20,000च्या पुढे गेले की स्वीप आपोआप सुरू होतो. तो सुरू होतो कोणीतरी नवे ट्रान्झॅक्शन उघडल्यावर, म्हणजे बहुधा ऐन गर्दीत. म्हणून जीफिक्सने हा अंतराल शून्य करून रात्री स्वीप वेगळा लावतात. शून्य करायचे आणि रात्रीचे काम लावायचे विसरायचे, ही चूकही तितकीच सर्रास होते.

आणि स्वीप चालूनही काही हलत नसेल तर ‘जीस्टॅट -एच’ चालवून चार आकडे पाहावेत: ओआयटी, सर्वांत जुने चालू ट्रान्झॅक्शन, सर्वांत जुना स्नॅपशॉट, पुढचे ट्रान्झॅक्शन. शेवटच्या दोहोंत लाखोंचे अंतर असेल तर कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडे टाकून बसले आहे. यामागे बऱ्याचदा डेल्फी या बोर्लंडच्या प्रोग्रॅमिंग साधनाचा वारसा असतो. 1995च्या पहिल्या डेल्फीसोबत स्थानिक इंटरबेस मिळे, आणि त्या वळणाच्या प्रोग्रॅममध्ये स्क्रीनवरची यादी हलू नये म्हणून ‘कमिट रिटेनिंग’ वापरले जाई. डेटा कमिट होतो, स्नॅपशॉट मात्र दिवसभर तसाच. अशा वेळी बॅकअप, स्वीप दोन्ही निरुपयोगी. ते कनेक्शन सोडवणे एवढाच उपाय.

रिस्टोअरने खरा फरक पडतो तो तीन ठिकाणी: इंडेक्स नव्याने बांधले जातात, ट्रान्झॅक्शनचे आकडे पुन्हा सुरुवातीपासून चालू होतात आणि फाइल आक्रसते. स्वीपने पाने रिकामी होतात, पण फाइलचा आकार तोच राहतो. आकडे परतण्याला एकेकाळी जीवघेणे महत्त्व होते, कारण फायरबर्ड 3.0च्या आधी मर्यादा सुमारे 214 कोटी ट्रान्झॅक्शनची होती. सेकंदाला 50 या वेगाने ती दीड वर्षाच्या आत संपते. 2016 मध्ये आलेल्या 3.0ने क्रमांक 48 बिटांचा केला आणि ती धास्ती गेली.

धोका रिस्टोअरमध्येच आहे. जुन्या जीबॅकमध्ये ‘-आर’ म्हणजे चालू फाइलवरच रिस्टोअर होते. मध्ये काही बिघडले की दोन्हीकडून गेलात. 2.0पासून त्यासाठी ‘ओव्हरराइट’ स्पष्ट लिहावे लागते, तरी नेहमी नव्या नावाने रिस्टोअर करून, तपासून मगच फाइल बदलावी. भरलेल्या टेबलात डीफॉल्टशिवाय ‘नॉट नल’ (रिकामा ठेवता न येणारा) कॉलम घातला असेल तर जुन्या इंजिनांवर बॅकअप बिनतक्रार होई आणि रिस्टोअर अडकून पडे.

2.0सोबत एनबॅकअप हे दुसरे बॅकअप साधनही आले. तो पाने जशीच्या तशी उचलतो, बदललेल्या पानांचा वाढीव बॅकअपही देतो. वेग उत्तम, पण तो रेकॉर्ड वाचतच नाही, त्यामुळे कचराही प्रतीत जातो. जीबॅक सोडून एनबॅकअपवर आलेल्यांचे डेटाबेस काही महिन्यांनी मंदावले की त्याचे पहिले संशयित कारण हेच: नकळत होणारी झाडलोट बंद झाली आणि तिच्या जागी स्वीप कोणी लावला नाही.

2021च्या 4.0ने अडलेल्या स्नॅपशॉटांच्या मधल्या, कोणालाच न दिसणाऱ्या आवृत्त्याही काढायला सुरुवात केली. 2024च्या 5.0मध्ये बॅकअप, रिस्टोअर आणि स्वीप हे तिन्ही समांतर धाग्यांवर चालवता येतात.